पी.टी.चा तास

उज्ज्वलाबाई किल्ला उतरून घरी आल्या की आधी पान यायचं, मग चहा.

पान म्हणजे झाडाचं. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढणाऱ्यांची एक रीत होती, की रिकाम्या हाताने वर जायचं नाही. प्रत्येकाजवळ पाण्याचा कॅन आणि प्रत्येकाची रोपं ठरलेली. बाईंची तीन रोपं होती: शिवण, बहावा आणि कांचन. त्यांना पाणी घालून झालं की त्यातल्याच एकाचं पान खिशात टाकून त्या घरी यायच्या आणि चाकांच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्यापुढे धरायच्या.

"ओळखा, सर."

मुकुंद फडतरे पान उलटंपालटं करायचे, शिरांवरून बोट फिरवायचे.

"शिवण. आणि तिला पाणी कमी पडतंय. कडा बघा."

"पाण्याचं मी बघते. तुम्ही नुसती नावं सांगा."

"आयुष्यभर तेच तर केलं."

दोघंही साताऱ्यातल्या एकाच शाळेत होते. ते विज्ञानाचे, त्या पी.टी.च्या. शिक्षकांच्या खोलीतलं 'सर' आणि 'बाई' लग्नानंतरही सुटलं नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर ते सोडण्यात अर्थ नव्हता.

वर्षभरापूर्वी सरांना हेच पान ओळखता आलं नसतं. जिन्यावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पायांवर भार पेलेना. उभं राहणं संपलं आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत एकेक नाव गळायला लागलं. चमचा हवा असला की "ते, ते ढवळायचं" म्हणायचे. शेजारच्यांना "ते पलीकडचे" म्हणायचे. एकदा बाईंनी सहज कांचनाचं पान पुढे धरलं. सर बराच वेळ त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिरवं."

बाई स्वयंपाकघरात गेल्या, त्यांनी नळ सोडला आणि पाणी वाहत असताना तिथेच उभ्या राहिल्या. हे सरांना नंतर शेजारणीकडून कळलं. त्यांना स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं.

मग साताऱ्यात श्रमद्रवाचं केंद्र निघालं.

जी माणसं चालतात, चढतात, बागेत खणतात, त्यांची बुद्धी म्हातारपणी जास्त टिकते, हे फार पूर्वीपासून दिसत होतं. का टिकते, ते मात्र उशिरा कळलं. स्नायू म्हणजे नुसता हाडं ओढणारा दोर नव्हे. तो दमला की रक्तात काही द्रव्यं सोडतो. त्यांचा सांगावा यकृताला मिळाला की तेही आपली काही द्रव्यं त्यात मिसळतं. हे सगळं मेंदूपर्यंत पोचतं, तिथली सूज उतरवतं, आणि जिथे नव्या आठवणी घडतात त्या भागातल्या पेशींना एकमेकींशी नवे धागे जोडायला मदत करतं. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या रक्तातला द्रव बसून राहिलेल्या उंदरांना दिला, तेव्हा त्या बसलेल्या उंदरांनाही वाटा आठवायला लागल्या. तिथून माणसापर्यंत यायला वीसेक वर्षं गेली. ही द्रव्यं प्रयोगशाळेत बनवून बघितली, पण ती शेकड्यांनी असतात आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण साधेना. साठवून ठेवली तर ती टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक घेणाऱ्यासाठी एक जिवंत देणारा लागे. त्याने घाम गाळायचा आणि तासाभरात केंद्रावर यायचं. यंत्र त्याच्या रक्तातल्या पेशी त्याला परत करायचं आणि गवताच्या रंगाचा द्रव तेवढा बाजूला काढायचं. तोच द्रव दुसऱ्याच्या शिरेत जायचा.

"एकानं चढायचं, दुसऱ्यानं आठवायचं," बाई सोप्या भाषेत सांगायच्या.

बाईंचं रक्त सरांशी जुळलं. दर तीन दिवसांनी त्या किल्ल्यावरून उतरून सरांना घेऊन केंद्रावर जायच्या. दोन महिन्यांत सरांना चमचा आठवला. चार महिन्यांनी ते वर्तमानपत्रातल्या चुका काढायला लागले, तेव्हा बाईंनी पेढे वाटले.

"काय म्हणायचात? पी.टी.ला काय डोकं लागतं? आता माझ्या पायांवर तुमचं डोकं चालतंय, सर."

शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास दिसला की तो सरांना आपलाच वाटायचा. दहावीचा पोर्शन कायम राहिलेला असायचा. ते वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "बाई, हा तास मी घेतो. पोर्शन राहिलाय." बूट घालून तयार बसलेली पोरं कण्हायची. बाई गळ्यातली शिट्टी हातात घट्ट धरून निघून जायच्या. सर फळ्यावर पेशीची आकृती काढायचे, आणि खिडकीतून दिसायचं, की बाई रिकाम्या मैदानाला एकट्याच फेऱ्या मारताहेत.

कांचनाचं पान लागोपाठ तिसऱ्यांदा आलं, त्या दिवशी सरांच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

"आज मुद्दाम वेगळं आणलंय," बाई म्हणाल्या.

आदल्या दिवशीही त्या असंच म्हणाल्या होत्या.

"शिवण कशी आहे?"

"आहे की. मस्त."

"एक फोटो काढून आणा ना. बघावीशी वाटतेय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोबाइल पुढे केला. "कसा तरारलाय बघा!" फोटोत कांचनाच्या बुंध्याशी चिखल झाला होता, इतकं पाणी. त्याच्यामागे दोन वाळक्या काटक्या उभ्या होत्या. बाईंचं बोट कांचनावर होतं. काटक्या त्यांना दिसतच नव्हत्या.

सरांनी फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "छान आहे," म्हणाले.

संध्याकाळी बाई त्यांच्या पायांचा व्यायाम करून घ्यायच्या. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, मैदानावरच्या खणखणीत आवाजात आकडे मोजायचे. "एक, दोन, तीन, चार, पाच..." इथे त्या थांबल्या. सरांचा पाय त्यांच्या हातात अधांतरी राहिला. "चार, पाच..." पुन्हा थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "तुमचा पाय काय जड झालाय हो!" आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तीस वर्षं शेकडो पोरांकडून आठाच्या मोजणीवर कवायत करून घेतलेली बाई पाचाच्या पुढे जात नव्हती.

केंद्रावर डॉक्टर होती तेजश्री साबळे, त्यांचीच विद्यार्थिनी. बाई पलीकडच्या खोलीत यंत्राला जोडलेल्या असताना सरांनी तिला खुर्चीजवळ बोलावलं.

"तेजश्री, देणाऱ्याचं काय होतं?"

"म्हणजे, सर?"

"आठवीत असतानाही तू 'म्हणजे' म्हणून वेळ काढायचीस."

ती हसली नाही. स्टूल ओढून बसली.

"पहिले प्रयोग तिशीतल्या लोकांवर झाले. त्यांचं दिलेलं संध्याकाळपर्यंत भरून येतं. वय झालेल्यांचं यकृत तेवढ्या वेगानं काम करत नाही. काहींचं भरून येतं, काहींचं नाही. पुरेसे आकडे अजून हातात नाहीत."

"म्हणजे बाई चढते, आणि तिच्या मेंदूपर्यंत काही पोचायच्या आत ते मला मिळतं."

"कमी पोचतं, सर. काहीच पोचत नाही असं नाही."

"थांबवलं तर?"

"लवकर थांबवलं आणि बाई चढत राहिल्या, तर बहुतेक भरून येईल."

"मग थांबव."

तेजश्रीने काचेपलीकडे पाहिलं. बाई नर्सला काहीतरी विनोद सांगत होत्या आणि नर्स तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत होती.

"मी बाईंना दोनदा सांगितलंय. धोका माहीत आहे असं त्यांनी लिहून दिलंय. त्यांच्या चाचण्या अजून वयाच्या मर्यादेत बसतात, त्यामुळे मला त्यांना अडवता येत नाही. आणि तुम्ही... तुमच्या नावापुढे स्मृतिभ्रंश लिहिलेला आहे, सर. तुमच्या वतीनं निर्णय बाईच घेतात."

"म्हणजे मी भानावर आहे तो तिच्या जिवावर, आणि भानावरच्या माणसाचं म्हणणं मात्र मोजायचं नाही."

"नियम तसा आहे."

"मग हे थांबतं कधी? नियमात काय आहे?"

"लागोपाठ दोन चाचण्यांत घेणाऱ्याला उपयोग दिसला नाही, तर केंद्र थांबवतं. यंत्रं थोडी, रांग मोठी." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. "सर, मी तुम्हाला हे..."

"तू काही केलेलं नाहीस. मी नियम विचारला, तू सांगितलास."

तरी सरांनी आधी सरळ मार्ग धरून पाहिला. दुपारी बाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"बाई, शिवण मेली. बहावाही."

बाईंचा हात थांबला नाही. "माहितीये मला."

सरांना हे अपेक्षित नव्हतं.

"तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही? फोटो काढताना नाही कळलं. घरी आल्यावर तुमचा चेहरा बघितला, मग मोबाइल उघडून बसले." त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. "परवा उतरताना चार भिंतींच्या स्मारकापाशी थांबले. कुठल्या बाजूला वळायचं ते सुचेना. एका पोरीला विचारलं. ती म्हणाली, आजी, रोज तर दिसता तुम्ही इथे."

"मग हे बंद करा."

"नाही."

"उज्ज्वला."

ते नाव घरात क्वचितच निघायचं. बाईंनी मान वर केली.

"तुम्ही कांचनाला 'हिरवं' म्हणालात, तो दिवस मी पाहिलाय, सर. तुम्ही नाही पाहिला. तुम्ही तिथे नव्हतातच."

"तू 'हिरवं' म्हणशील तेव्हा मी तिथे असेन. मला ते बघावं लागेल."

"मग कळेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. ओठांवर हसू होतं, पण डोळे भरले होते. "इतकी वर्षं माझे तास तुम्ही न विचारता घेतलेत. आता मी आपण होऊन देतेय तर नको म्हणताय. तास माझा आहे. मी तो कुणालाही देईन."

चाचणीच्या दिवशी तेजश्री समोर बसली. मेंदूची चित्रं यंत्र काढत असे, पण माणसाला काय आठवतं ते शेवटी माणसालाच विचारावं लागे. काचेपलीकडे बाई बसल्या होत्या. त्यांना दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"सर, बटाटा म्हणजे वनस्पतीचा कुठला भाग?"

खोटं बोलणं इतकं अवघड असेल असं सरांना वाटलं नव्हतं. खरं उत्तर जिभेवर येऊन बसलं होतं. ते बाजूला सारल्यावर त्याच्या जागी दुसरं काय ठेवायचं ते सुचेना. आणि मग अचानक सगळी चुकीची उत्तरं एकदम धावत आली. तीस वर्षं तपासलेल्या उत्तरपत्रिका, लाल शाईच्या फुल्या. बरोबर उत्तर प्रत्येक वेळी एकच असायचं. चुका मात्र त्यांना तोंडपाठ होत्या.

"मूळ," सर म्हणाले.

"कोळी हा प्राणी कुठल्या गटात येतो?"

"कीटक."

"आणि देवमासा?"

"मासा. नावातच आहे की."

तेजश्रीचा हात थांबला. आठवीच्या सहामाहीत तिने हेच लिहिलं होतं, 'नावातच आहे' हेसुद्धा, आणि सरांनी भर वर्गात तिची उत्तरपत्रिका वाचून दाखवली होती. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी नजर हलवली नाही.

"पुन्हा विचारू, सर?"

"विचार. देवमासा मासाच आहे."

तिने मान खाली घातली आणि उत्तरं नोंदवली. मग एक छोटी गोष्ट सांगितली: एक बाई बाजारात जाते, तिथे छत्री विसरते, परतताना भिजते. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या बाईचं काय झालं, सर?"

"कुठल्या बाईचं?" सर म्हणाले. काचेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

पहिल्या चाचणीने भलतंच झालं. दुसऱ्या दिवसापासून बाई किल्ला दोनदा चढायला लागल्या. "कमी पडत असेल," एवढंच म्हणाल्या. सरांनी आणखी एक पायरी उतरायचं ठरवलं. बाई पान घेऊन आल्या, घामाने डबडबलेल्या, केसांत वाळकं गवत अडकलेलं.

"ओळखा, सर."

कांचन होता. मधोमध चिरलेला, दोन पाळ्यांचा. हे पान वर्गात दाखवताना सर मुलांना विचारायचे, हे एक पान आहे की दोन? त्यांनी ते हातात घेतलं. बोट शिरांवर जाऊ दिलं नाही.

"हिरवं," ते म्हणाले.

बाई आत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी वाहत राहिलं, कितीतरी वेळ, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तो लपवण्यासाठीच नळ सोडलेला होता. या वेळी सर तिथे होते. खुर्चीची चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, कारण सोडली असती तर ती आतल्या दिशेने फिरली असती.

दुसरी चाचणीही त्यांनी तशीच दिली. केंद्राने त्यांचं नाव कमी केलं.

बाई महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. पण किल्ला सुटला नाही. सवय होती, आणि घरात बसून सरांकडे बघत राहणं त्याहून कठीण होतं. सरांनी सोंग चालू ठेवलं. चमचा दिसला की "ते ढवळायचं" म्हणायचं. पान दिसलं की गप्प बसायचं. रात्री झोपण्यापूर्वी ते मनातल्या मनात झाडांची नावं म्हणून घ्यायचे, आपलं आपल्याजवळ असावं म्हणून. शिवण, बहावा, कांचन, काटेसावर, पांगारा, करंज.

एका संध्याकाळी त्यांचा गुडघा हातात घेऊन बाईंनी मोजायला सुरुवात केली. "चार, पाच, सहा, सात, आठ." न अडखळता. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं, कारण चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शोभलं नसतं.

पावसाळ्यात बाईंनी शिवणीचं नवं रोप लावलं, मग बहाव्याचं. भाजीवाल्याशी हिशोबावरून भांडल्या आणि जिंकल्या.

रात्रीच्या यादीतून आधी करंज गेला. मग पांगारा आणि काटेसावर यांत गल्लत व्हायला लागली. मग एका रात्री यादी कशाची होती तेच आठवेना. सोंग कुठल्या दिवशी संपलं ते सरांना कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच ते. रोजच्यासारखं एक पान पुढे आलं, रोजच्यासारखे ते गप्प बसले, आणि या वेळी त्या गप्प बसण्यामागे काही नव्हतं.

दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी एक बाई आली. पायांत बूट, त्यांवर लाल माती, गळ्यात शिट्टी. समोर गुडघे टेकून बसली. तिच्या हातात पान होतं, पण तिने ते पुढे केलं नाही.

"सर, बटाटा मूळ असतो का हो?"

खुर्चीतला माणूस विचारात पडला. प्रश्न ओळखीचा होता. उत्तर कुठेतरी होतं, पण तिथवर जायची वाट नव्हती.

"आज उतरताना एकदम डोक्यात आलं," ती म्हणाली. "विसरणारा माणूस 'ते जमिनीतलं' म्हणेल. 'ते भाजीचं' म्हणेल. त्याला शब्दच सापडणार नाही. तुम्ही मूळ म्हणालात, कीटक म्हणालात. सर, ही तर आठवीतल्या पोरांची उत्तरं. शिक्षकांच्या खोलीत डोक्यावर हात मारून तुम्हीच मला वाचून दाखवायचात." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही मुद्दाम नापास झालात. खरं की नाही? एकदा सांगा. मी रागावणार नाही. नाही, रागावेन, खूप रागावेन. पण सांगा."

ती त्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून रडायला लागली. तो गोंधळला. ही कोण, का रडते, काही कळेना. पण रडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचा असतो, एवढं हाताला माहीत होतं. हात केसांवरून खाली आला आणि शिट्टीला लागला. थंड, गोल. त्याने ती बोटांत धरली.

कुठल्यातरी लांबच्या खिडकीतून एक मैदान दिसलं. रिकामं. आणि त्याच्या कडेने कुणीतरी एकटंच चालत होतं.

"बाई," तो म्हणाला.

तिने झटकन मान वर केली.

"न्या मुलांना बाहेर. तास तुमचाच आहे." त्याने शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली आणि वरून तिची बोटं मिटवली. "माझा पोर्शन झालाय."

बाईंनी डोळे पुसले, त्याचा उजवा पाय हातात घेतला, आणि मैदानावरच्या आवाजात मोजायला सुरुवात केली.